इंदुबाईंच्या तपेल्यातला मठ्ठा

"सुदर्शन, बास कर! चौथं फुलपात्र आहे हे!"

"तायडे, जिलब्या मोजतात, मठ्ठा मोजत नाहीत!" असं म्हणून सुदर्शनने चौथं फुलपात्रही एका दमात रिकामं केलं आणि पाचव्यासाठी हात पुढे केला.

"पण जरा विचित्र लागतोय ना?" शेजारच्या पाटावरून इमाद म्हणाला. एक घोट घेऊन त्याने फुलपात्र बाजूला ठेवलं होतं.

"आठ जिलब्या खाल्ल्यावर अजून कसा लागणार?" उत्कर्षा म्हणाली आणि तिघंही खिदळायला लागली.

२००४ सालच्या मे महिन्यातला शनिवार होता. कसबा पेठेतल्या त्या बोळात मारुतीच्या देवळाचा वर्धापनदिन होता आणि दरवर्षीप्रमाणे सगळ्या बोळाचं जेवण देवळापुढच्या मांडवात होतं. या वर्षी जरा जास्तच थाट होता. उत्कर्षाचे आनंदकाका हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीत आलेल्या चार अमेरिकन पाहुण्यांना त्यांनी 'खरं पुणं' दाखवायला आणलं होतं. उत्सवाचे अध्यक्ष हिंदुराव नवा झब्बा घालून पाहुण्यांच्या मागेपुढे नुसते नाचत होते. सुदर्शन हा आनंदकाकांचा मुलगा, वय वर्षं अकरा. राहायला वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. पण सुट्टी लागली की मुक्काम कसब्यात, चुलतबहीण उत्कर्षाच्या घरी. उत्कर्षा आणि इमाद तेरा वर्षांचे, एकाच वर्गातले आणि बालवाडीपासूनचे दोस्त.

दुसरी पंगत उठायच्या आतच पहिल्या पंगतीतले एक आजोबा भिंतीला धरून ओकायला लागले. मग त्यांच्या सूनबाई. मग एकदम चौघंजण. आणि मग सुदर्शनचा चेहरा पांढराफटक पडला, त्याने तोंडावर हात दाबला आणि मांडवाबाहेर धूम ठोकली. चारही फुलपात्रं बाहेर आली!

नुसती पळापळ! सत्तावीस माणसं आजारी पडली. दोन लहान मुलांना सलाइन लावायला लागलं. सुदैवाने जिवावर कुणाच्या बेतलं नाही. पाहुण्यांनी मठ्ठ्याकडे बघून नुसतं "नो, थँक यू" म्हटलं होतं, म्हणून ते ठणठणीत राहिले.

बोळातल्या डॉक्टरांनी मठ्ठ्याचा वास घेतला, वर आलेली हिरवट झाक बघितली आणि म्हणाले, "कळकलाय हा. भांड्याला कल्हई नव्हती की काय?"

पितळेच्या भांड्यात ताक, चिंच असं आंबट काही ठेवलं की ते कळकतं, म्हणजे चक्क विषारी होतं. तसं होऊ नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर देतात. त्यालाच कल्हई म्हणतात. आज घरोघरी स्टील आलंय, म्हणून हे सांगावं लागतं.

"कल्हई कुणी केली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

आता उत्कर्षाबद्दल एक सांगायला हवं. ती हुशार होती आणि तिला ते माहीत होतं. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. तसाच तो आताही गेला.

"मुनव्वरचाचांनी!" ती म्हणाली. "आणि गेल्या वर्षी सोनारांच्या लग्नात आमटीने पोटं बिघडली होती ना? ती भांडीसुद्धा त्यांनीच कल्हई केलेली! दिवाळीच्या जेवणात झालं, तेव्हाही त्यांचीच! आणि आता हे! तीन वेळा! तिन्ही वेळा मुनव्वरचाचा!"

तिने तीन बोटंसुद्धा वर करून दाखवली.

"वा! पोरीच्या लक्षात आलं ते आपल्या एवढ्या टाळक्यांच्या लक्षात आलं नाही!" हिंदुराव एकदम म्हणाले. "तीन वेळा! कल्हई न करताच भांडी परत केली की काय म्हाताऱ्याने?"

लोक माना डोलवायला लागले. उत्कर्षाला क्षणभर फार छान वाटलं. मग तिने मागे वळून बघितलं. इमाद सुदर्शनसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मुनव्वरचाचा म्हणजे त्याचे आजोबा. त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो निघून गेला.

तोंडातून सुटलेला शब्द काही परत येत नाही. संध्याकाळपर्यंत बोळ म्हणत होता, "तीन वेळा." रविवारी झालं, "दर वेळी." सोमवारी झालं, "तो कथलात शिसं मिसळतो म्हणे." देवळाच्या कट्ट्याशेजारी, जिथे चाचा चाळीस वर्षं जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायचे, तिथे मंगळवारी पाटी लागली: 'येथे कल्हई करण्यास मनाई आहे. पोटे आमची आहेत.' त्यांच्याकडे कल्हईला दिलेली भांडी लोकांनी तशीच उचलून नेली. कुणी चाचांशी भांडलं नाही की त्यांना काही विचारलंही नाही. न विचारणं हे भांडणापेक्षा वाईट असतं.

बुधवारी सकाळी इमाद हातगाडी ढकलत जाताना दिसला. गाडीवर चाचांचा कातड्याचा भाता होता, सांडश्या होत्या.

"इमाद! कुठे चाललास?"

"जुन्या बाजारात. भंगारात देतोय."

"भाता? अरे पण मग चाचा कल्हई कशी करणार?"

इमाद थांबला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे बघितलं. "नाही करणार. रविवारच्या गाडीने दादाजी नगरला चाललेत, त्यांच्या लेकीकडे, हुस्नबानू फुफीकडे. कायमचे. अब्बू खूप सांगतायत, थांबा म्हणून. ते म्हणतात, या बोळातून मान वर करून चालता येत नाही."

"पण... मी मुद्दाम नाही रे..."

"तीन बोटं मुद्दामच वर केलीस ना?" इमाद म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

*

उत्कर्षा जिन्यात बसून रडत होती. हमसून हमसून रडत होती. सुदर्शन दोन पायऱ्या खाली बसून तिच्याकडे बघत होता.

"रडून झालं की वर या," वरून आवाज आला. "आणि जिन्यातच रडायचं असेल तर एका कडेला रडा. लोकांना जायचं असतं."

या सत्यशीलाबाई. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. बाईंना सगळा बोळ टरकून असे. उत्कर्षाने डोळे पुसले, वर जाऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे तुझा तर्क असा," बाई म्हणाल्या. "तीन वेळा पोटं बिघडली. तिन्ही वेळा कल्हई मुनव्वरची. म्हणून दोषी मुनव्वर. बरं. त्या तिन्ही पंगतींना वाढायला कोण होतं?"

"हिंदुरावकाका."

"आणि तिन्ही पंगतींना जेवायला कोण होतं?"

"... मी."

"मग विष तूच घातलंस. तुझ्याच तर्काने."

उत्कर्षाने मान खाली घातली.

"याला विगमन म्हणतात," बाई म्हणाल्या. "पाहिलेल्या चार गोष्टींवरून न पाहिलेल्या पाचवीबद्दल बोलायचं. ते वाईट नसतं. त्यावाचून कुणाचा दिवस जात नाही. पेटीतले दहा आंबे गोड निघाले की अकरावाही गोड असेल, असं आपण म्हणतोच. पण 'असेल' म्हणतो! आणि दहा खाऊन म्हणतो. चाळीस वर्षांत मुनव्वरने किती हजार भांडी केली असतील? त्यातली तू मोजलीस तीन पंगतींतली. आणि आधीच्या दोन वेळी पोटं कल्हईनेच बिघडली, हे तरी कुणी तपासलं होतं? बाकीच्यांत जेवून जी माणसं धडधाकट उठली, ती मोजलीस? मी मोजते. माझ्या घरची सगळी भांडी त्याचीच. मी अजून जिवंत आहे. पुष्कळांना त्याचं वाईट वाटतं, तो भाग वेगळा."

"मग खरं काय ते कळणार कसं, बाई?" सुदर्शनने विचारलं.

"दुसरा मार्ग निगमनाचा. नियम पक्का असला आणि समोरची गोष्ट पक्की असली, की उत्तरही पक्कंच येतं. तिथे 'असेल' नसतं, 'असलंच पाहिजे' असतं. ऐक. या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला जिना चढावा लागतो. सुदर्शन या मजल्यावर आला आहे. म्हणून?"

"पण बाई, मी काल पाइपवरून आलो होतो!"

बाईंनी त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. "म्हणजे माझा नियमच खोटा होता. बघितलंस, उत्कर्षा? निगमनाची साखळी कितीही पक्की असली, तरी पहिलंच वाक्य खोटं घातलं की सगळं कोसळतं. म्हणून आधी पक्का नियम शोधायचा. कल्हईचा नियम मला नाही माहीत. ज्यांना माहीत आहे, त्यांच्याकडे जा."

"इमादकडे?" उत्कर्षा म्हणाली. "तो बोलत नाही माझ्याशी."

"मग ऐकून घे. ते तरी येतं का बघू."

*

इमाद नळावर बादली भरत होता. त्याने वर बघितलंच नाही.

"इमाद, मला एकच सांग," उत्कर्षा म्हणाली. "कल्हई असलेल्या भांड्यात ताक कळकतं का?"

"नाही."

"कधीतरी? चुकून?"

"नाही म्हणजे नाही! आदल्या दिवशीचं ठेव, काही होत नाही. त्याचसाठी तर कल्हई करतात!"

"पण शनिवारचा मठ्ठा तर कळकला. म्हणजे..."

"म्हणजे त्या तपेल्यात कल्हई नव्हती," इमाद म्हणून गेला आणि बादली आपटून उभा राहिला. "म्हणजे तूही हेच म्हणायला आलीस! दादाजींनी कल्हई केलीच नाही, असंच ना?"

"नाही रे! ऐक तरी! शनिवारी त्यात कल्हई नव्हती, एवढंच ठरलं. ते पक्कं. पण चाचांनी भांडी दिली गुरुवारी! गुरुवारी होती की नव्हती, हे अजून कुठे ठरलंय?"

नळ तसाच वाहत होता.

"कल्हई चालू असताना मी फोटो काढलेत!" सुदर्शन एकदम ओरडला. "गेल्या गुरुवारी! बाबांच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याने! तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर येतो ना, तो मला हवा होता!"

"पण तपेली सहा होती," इमाद म्हणाला. "सगळी सारखीच. मठ्ठ्याचं कुठलं, कसं कळणार?"

"नावं आहेत की त्यांच्यावर!" उत्कर्षा म्हणाली. देवळाला कुणी भांडं दिलं की त्यावर नाव कोरून देत. आपल्याकडे चमच्यावरसुद्धा नाव घालतात, तपेलं तर केवढं मोठं!

"मठ्ठ्याचं इंदुबाईंचं!" सुदर्शन म्हणाला. "'कै. इंदुबाई यांच्या स्मरणार्थ.' चार वेळा वाचलंय मी, चार फुलपात्रं प्यायलोय!"

इमादने नळ बंद केला. "फोटो कुठे आहेत?"

"वारज्याला. आमच्या कॉम्प्युटरवर."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी तिघं मनपाच्या थांब्यावरून वारज्याच्या पीएमटीत बसली. एरवी त्यांच्या गप्पांनी कंडक्टर वैतागला असता. आज इमाद एकटा पुढच्या सीटवर बसला आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. उत्कर्षा त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लागला की सुदर्शनचे दोन लाडू खाऊन झाले. मग एकेक फोटो उघडायला लागला.

"हा! थांब!"

गेल्या गुरुवारचा फोटो. चाचांनी सांडशीने तपेलं तिरकं धरलं होतं, हातात कापसाचा बोळा होता. तपेलं बाहेरून भट्टीच्या काजळीने काळंकुट्ट, पण अक्षरं दिसत होती: 'इंदुबाई'. आणि आतून? आतून पांढरंशुभ्र!

"केली होती!" इमाद पुटपुटला. "केलीच होती कल्हई." त्याने पटकन डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. वारज्याच्या त्या चकचकीत फ्लॅटमध्ये धूळ औषधालाही नव्हती.

"आता शनिवारचा!" उत्कर्षा म्हणाली.

एक अमेरिकन पाहुणा हातात पळी धरून तपेल्याशेजारी उभा होता. नाव तेच. मठ्ठा अर्ध्यावर आला होता आणि त्याच्या वर तपेल्याची आतली बाजू दिसत होती. सोन्यासारखी पिवळीधमक!

"कल्हई पांढरी असते," उत्कर्षा सावकाश म्हणाली. "हे पिवळं आहे. म्हणून..."

"यावर कल्हई नाही!" तिघं एकदम ओरडली.

"गुरुवारी होती, शनिवारी नाही. म्हणजे मधेच गेली!"

"आपोआप नाही जात," इमाद म्हणाला. "रोज राखेने घासलं तरी कितीतरी महिने टिकते. आणि बाहेरून बघ! काजळीचा ठिपका नाही. सुदर्शनचं तोंडही दिसतंय त्यात! एका दिवसात सहा तपेली अशी हाताने होतच नाहीत."

"म्हणजे मशीन!" सुदर्शन म्हणाला. "पॉलिशचं मशीन! पेठेत एकच आहे, रंगनाथशेठकडे! चला, जाऊन धरू त्याला!"

"थांब," उत्कर्षा म्हणाली. "मशीन *असेल*. रंगनाथशेठ *असतील*. एवढंच म्हणता येतं. आधी बघू, मग बोलू." हे शहाणपण तिला पाच दिवस आधी हवं होतं.

*

रंगनाथशेठचं दुकान पेठेतच होतं. शुक्रवारी सकाळी मशीन घरघरत होतं आणि शेठ नाकाला रुमाल बांधून एका समईला चमक आणत होते.

"शेठ, आमच्याकडे एक जुनं घंगाळ आहे," सुदर्शनने भोळा चेहरा करून सुरुवात केली. तो चेहरा त्याला फार छान जमायचा. "मारुतीच्या तपेल्यांसारखं चकाचक होईल का?"

"होईल की! त्यापेक्षा भारी होईल! हिंदुरावांनी गेल्या शुक्रवारी सहा आणली ना टेम्पोतून. म्हणाले, परदेशी पाहुणे येतायत, शेठ, सगळीकडून चकाचक झाली पाहिजेत. मग काय! आतून-बाहेरून सोनं केलं सोनं!"

"आतूनसुद्धा?" उत्कर्षाने विचारलं.

"आतच तर जास्त काम होतं! सगळं पांढरट पांढरट..."

"ती कल्हई होती!" इमाद एवढ्या जोरात ओरडला की मशीनच्या आवाजातही ते रस्त्यावर ऐकू गेलं. "माझ्या दादाजींची कल्हई होती ती!"

शेठनी मशीन बंद केलं. नाकावरचा रुमाल खाली ओढला. "त्यात... त्यात जेवण केलं?" ते म्हणाले. "अरे, मला काय ठाऊक! दहा वर्षं झाली, माझ्याकडे येतं ते सगळं शोभेचं. औंधला, कोथरूडला बंगल्यांत दारात ठेवतात, छत्र्या ठेवायला. पितळेत अजून कुणी जेवण करतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

*

शनिवारी सकाळी देवळापुढे सगळा बोळ जमला. सत्यशीलाबाईंनी बोलावलं होतं आणि बाईंनी बोलावल्यावर न येण्याची हिंमत कुणात नव्हती. फक्त मुनव्वरचाचा आले नाहीत.

उत्कर्षाने दोन्ही फोटो मोठे छापून आणले होते. तिने सगळं क्रमाने सांगितलं. काय पक्कं आहे, काय नुसता अंदाज होता आणि तो अंदाज कुठे जाऊन तपासला. रंगनाथशेठही आले होते. त्यांनी मान खाली घालून "होय, मीच" म्हटलं.

"हिंदुराव," बाई म्हणाल्या, "तपेली पॉलिशला आपणच दिली होती, हे आपल्या स्मरणात होतं की स्मरणही पॉलिश करून घेतलंत?"

हिंदुरावांनी घाम पुसला. "डॉक्टरांनी कल्हई म्हटलं, तेव्हाच मनात आलं होतं," ते हळूच म्हणाले. "पण तेवढ्यात ही पोरगी म्हणाली, तीन वेळा... मला वाटलं, असेल तसंच. बरंच झालं म्हटलं."

मग हिंदुरावांनी घसा खाकरला आणि त्यांचा अध्यक्षाचा आवाज परत आला. "पण काही म्हणा, मुलांनी पेठेचं नाव काढलं! मोठमोठ्यांना जमलं नाही ते या चिमुरड्यांनी केलं! टाळ्या वाजवा! मंडळातर्फे तिघांचा सत्कार!"

टाळ्या पडल्या. "हुशार गं पोरगी!" "डोकं आहे!" "पुढे वकील होणार!" आजूबाजूच्या काकू-मावश्या तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. गेल्या शनिवारी याच हातांनी माना डोलवल्या होत्या, असं म्हणणार होतो, पण माना काही हातांनी डोलवत नाहीत. माणसं मात्र तीच होती.

"नको!" उत्कर्षा ओरडली. "माझ्यासाठी टाळ्या नको! तीन वेळा, हे मीच म्हटलं होतं. सगळ्यात आधी मी म्हटलं. काही बघितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. मला फक्त पहिलं उत्तर द्यायचं होतं!"

आणि मग ती सगळ्यांसमोर रडायला लागली. सत्यशीलाबाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांना असं करताना बोळाने कधी बघितलं नव्हतं.

मनाईची पाटी तिथल्या तिथे उखडली. हार आणला, नारळ आणला आणि सगळी मंडळी चाचांच्या दारात गेली.

"या, या," चाचा म्हणाले. "बसायला द्यायला काही नाही. सामान बांधलंय." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ बघितले. "चांगली बसली होती कल्हई," ते पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं म्हणाले.

"चाचा, चूक झाली. पदरात घ्या," हिंदुराव म्हणाले. "उद्यापासून भट्टी परत तिथेच. सगळा बोळ भांडी देणार!"

"मेहरबानी आहे तुमची. मनात काही ठेवणार नाही मी." चाचांनी हार गळ्यात घालू दिला नाही, हातात घेतला. "पण एक विचारतो. या पोराने फोटो काढला नसता तर?"

हिंदुरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"चाळीस वर्षं या बोळाचं जेवण माझ्या हातावरून गेलं," चाचा म्हणाले. "डोळे मिटून जेवलात. त्या चाळीस वर्षांनी माझ्या बाजूने साक्ष दिली नाही. साक्ष दिली ती क्यामेऱ्याने. आता मी कल्हई करीन, तुम्ही भांडी द्याल. पण प्रत्येक भांडं परत देताना मला वाटणार, याचा फोटो काढून ठेवू का? तसं काम नाही होत."

उत्कर्षा पुढे झाली. "चाचा, सॉरी," एवढंच ती म्हणू शकली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू येऊन बोललीस, बेटा. पोरांकडून चूक होते. मोठ्यांनी तरी विचारायला हवं होतं." ते हसले, पण जायचं रद्द केलं नाही.

*

रविवारी सकाळी रिक्षा दारात उभी होती. शिवाजीनगरहून साडेनऊची नगरची गाडी होती. इमाद ट्रंक ओढत होता. उत्कर्षाने दुसरी कडी धरली. तो नको म्हणाला नाही. दोघांनी मिळून ट्रंक रिक्षात ठेवली.

"मला कळतं तू नंतर किती धडपड केलीस ते," इमाद म्हणाला. "सगळं कळतं. पण घरी गेल्यावर दादाजी नसणार ना." मग तो अब्बूंच्या सायकलवर बसला आणि स्टँडकडे पुढे निघून गेला.

उत्कर्षा धावत घरात गेली आणि आईचं पितळेचं पातेलं घेऊन आली. चाचा रिक्षात बसले होते. तिने पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सवयीने ते उजेडात तिरकं धरलं, आतून अंगठा फिरवला.

"कल्हई गेलीय याची."

"म्हणूनच आणलंय. तुम्हीच करा. मी फोटो नाही काढणार. बघणारसुद्धा नाही."

चाचांनी पातेलं परत मांडीवर ठेवलं. "भाता गेला गं, बेटा," ते म्हणाले.

"मग कुणाकडे देऊ?"

त्यांनी आठवून बघितलं. रविवार पेठेतला एक कल्हईवाला वारला होता. दुसऱ्याच्या मुलांनी स्टीलचं दुकान टाकलं होतं. "आता कुणी नाही," असं म्हणून त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी तिच्याकडे परत दिलं. "आईला सांग, यात दही नको, चिंच नको, टोमॅटो नको. पाणी तापवा, हवं तर दाणे ठेवा. चालेल."

उत्कर्षाने मान हलवली. रिक्षा सुरू झाली, बोळाच्या तोंडाशी वळायला लागली. तेवढ्यात चाचांनी डोकं बाहेर काढलं.

"आंबट काही ठेवू नका हं त्यात!" ते ओरडले. "बाधेल!"